हापूसची थेट विक्री: संकेतस्थळ आणि मोबाईल कामाला कसे लावावेत?

कोकणातील अनेक आंबा बागायतदार आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत स्वतःची संकेतस्थळे तयार करून घेतली. पैसे खर्च झाले, पान दिसू लागले, पण फोन काही वाजत नाही. मग हंगामात घाईघाईने फेसबुकवर जाहिरात दिली जाते, थोड्या पेट्या जातात आणि शेवटी हिशेब केल्यावर लक्षात येते की जागेवर माल दिला असता तरी तेवढेच पैसे हातात आले असते. अशा वेळी दोष ‘ऑनलाइन’ला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी चूक एकच असते. ग्राहक फोनवर जे विचारतो त्याचे उत्तर संकेतस्थळावर नसते, आणि एकदा आलेला ग्राहक पुढच्या वर्षी परत यावा याची काही व्यवस्था नसते.

या लेखात हापूसचे उदाहरण घेऊन ही व्यवस्था कशी करावी ते पाहू. मुद्दे इतर पिकांनाही लागू पडतात.

आधी हिशेब, मग जाहिरात

थेट विक्रीतील नफा नेमका कुठे आहे हे समजल्याशिवाय खर्च करू नये. पुढील आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

समजा, २ डझनाच्या पेटीला व्यापारी बागेत ७०० रुपये देतो. तीच पेटी आपण ग्राहकाला घरपोच १,४०० रुपयांना दिली. त्यातून होणारा खर्च असा:

- खोका आणि पेंढा: ९० रुपये
- वाहतूक: २०० रुपये
- खराब निघालेल्या फळांची भरपाई, सरासरी: ७० रुपये
- वर्गवारी, भरणी व फोनवरील कामाची मजुरी: ६० रुपये

एकूण ४२० रुपये वजा जाता ९८० रुपये उरतात. म्हणजे व्यापाऱ्यापेक्षा २८० रुपये जास्त.

आता जाहिरात धरा. ३,००० रुपयांच्या जाहिरातीतून २० पेट्या गेल्या तर प्रत्येक पेटीवर १५० रुपये चढले आणि फायदा १३० रुपयांवर आला. त्याच जाहिरातीतून १० पेट्या गेल्या तर पेटीमागे ३०० रुपये खर्च झाला आणि व्यापाऱ्यापेक्षा २० रुपये कमीच मिळाले.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. नवा ग्राहक महाग पडतो, जुना ग्राहक जवळजवळ फुकट मिळतो. जाहिरातीवर घेतलेला ग्राहक दुसऱ्या वर्षी स्वतःहून आला तरच थेट विक्री खऱ्या अर्थाने परवडते. म्हणून पुढील सर्व सुधारणांकडे या एका कसोटीतून पाहावे: यामुळे ग्राहकाचा भरवसा वाढतो का, आणि तो परत येतो का?

पहिल्या पडद्यावर काय असावे?

ग्राहक आपले पान बहुधा मोबाईलवर पाहतो. बोटाने पान वर सरकवण्याआधी त्याला पाच गोष्टी दिसायला हव्यात: काय विकता, कुठले आहे, केव्हा मिळेल, किती रुपयांना आणि मागणी कशी नोंदवायची.

अनेक संकेतस्थळांवर पहिले वाक्य असे असते: ‘आम्ही ग्राहकांना सर्वोत्तम दर्जा व सेवा देण्यास कटिबद्ध आहोत.’ हे वाक्य आंब्याला चालते, सिमेंटलाही चालते. त्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे:

‘देवगड तालुक्यातील आमच्या स्वतःच्या बागेतील हापूस. फळाचे वजन २०० ते २५० ग्रॅम. २ डझनाची पेटी १,४०० रुपये, घरपोच. तोडणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून. पुणे, मुंबई आणि ठाणे येथे पाठवतो.’

त्याखाली फोन आणि व्हॉट्सअॅपचे बटण ठेवावे. क्रमांक चित्रात छापू नये. बोट लावताच फोन लागेल असा ठेवावा. दरपत्रकही चित्र म्हणून न टाकता अक्षरांत लिहावे. चित्रातील मजकूर गुगलला नीट वाचता येईलच असे नाही, आणि दर बदलला की दर वेळी नवे चित्र करत बसावे लागते.

ग्राहकाचे प्रश्न हाच मजकूर

संकेतस्थळासाठी मजकूर कुठून आणायचा, असा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांना नेहमी विचारला जातो. तो आपल्याच फोनमध्ये असतो. मागच्या हंगामातील व्हॉट्सअॅप संदेश उघडावेत आणि ग्राहकांनी विचारलेले प्रश्न वहीत उतरवावेत. साधारणपणे हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात:

१. आंबा कच्चा येणार की पिकलेला? फळे चौदा आणे तयार झाल्यावर काढून पाठवतो, घरी हवामानानुसार साधारण ६ ते १० दिवसांत पिकतात, असे स्पष्ट लिहावे. खोका घरी आल्यावर उघडून फळे पेंढ्यात एका थरात ठेवावीत, कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नये, हेही सांगावे. कच्च्या फळाला फ्रिजमधील थंडीने इजा होते आणि ते नीट पिकत नाही. या दोन ओळींमुळे निम्म्या तक्रारी टळू शकतात, कारण बऱ्याचदा फळ चांगले असूनही ठेवण्याची पद्धत चुकलेली असते.

२. कार्बाइड वापरता का? फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. इथिलीन वायूचा वापर १०० पीपीएमपर्यंत करता येतो. आपण अढी घालता की इथिलीन कक्ष वापरता, जे करता ते लिहावे. इथिलीन वापरत असल्यास ते लपवण्याचे कारण नाही.

३. आत साका निघाला तर? साका बाहेरून दिसत नाही, हे हापूस उत्पादकाला माहीत असते पण शहरातील ग्राहकाला माहीत नसते. त्याला ती फसवणूक वाटते. फळ झाडावर जास्त पिकू दिले तर साक्याचे प्रमाण वाढते, म्हणून आपण वेळेवर तोडणी करतो, तरीही एखादे फळ तसे निघू शकते, असे प्रामाणिकपणे लिहावे. सोबत भरपाईचा नियम द्यावा: ‘कापलेल्या फळाचा फोटो २४ तासांच्या आत पाठवा, तितक्या फळांचे पैसे परत.’

४. हा खरोखर देवगड किंवा रत्नागिरीचा कशावरून? याचे उत्तर पुढे स्वतंत्र दिले आहे.

५. आमच्या भागात कधी पोहोचेल? ज्या शहरांत पाठवतो त्यांची यादी आणि लागणारे दिवस लिहावेत. जिथे दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त लागतात तिथे मागणी न घेणे बरे.

प्रत्येक प्रश्न मथळा म्हणून आणि उत्तर त्याखाली, अशी मांडणी करावी. लोक गुगलवर शोधतातही असेच, त्यामुळे पान सापडण्यासही मदत होते. शहरातील मराठी, हिंदी, गुजराती कुटुंबे आंबा घेतात. म्हणून मुख्य माहिती मराठीबरोबर इंग्रजीतही ठेवावी.

नावाचा भरवसा

‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ असे छापलेल्या खोक्यात दुसऱ्याच भागातील आंबा विकला जातो, ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. परंतु मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक बागायतदाराला आपोआप त्याचा वापर करता येतो असे नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेली असल्यास प्रमाणपत्राचा क्रमांक संकेतस्थळावर आणि खोक्यावर द्यावा. झालेली नसल्यास मानांकनाचे बोधचिन्ह वापरू नये. नोंदणीसाठी आपल्या भागातील आंबा उत्पादक संस्थेकडे चौकशी करावी.

‘सेंद्रिय’ शब्दाचेही तसेच. एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया प्रमाणपत्र असल्यास क्रमांक द्यावा. नसल्यास मोठे दावे न करता कोणती फवारणी केव्हा केली आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबलो ते साध्या शब्दांत लिहावे. आमरस, आंबापोळी, आंबावडी असे प्रक्रिया केलेले पदार्थ विकत असल्यास अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे. त्याचा क्रमांक पानावर दाखवावा.

छायाचित्रे स्वतःच्या बागेचीच असावीत. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत आंबा दहा संकेतस्थळांवर दिसतो आणि ग्राहक तो ओळखतो. मोहोर, तोडणी, वर्गवारी, भरणी यांचे मोबाईलवर काढलेले फोटो पुरेसे आहेत. वजनकाट्यावर ठेवलेल्या फळाचा एक फोटो जरूर असावा, कारण ‘मोठा’ आणि ‘मध्यम’ या शब्दांवरूनच सर्वाधिक वाद होतात.

पान लवकर उघडले पाहिजे

मोबाईलने काढलेला एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. असे दहा फोटो जसेच्या तसे चढवले की पान उघडेपर्यंत ग्राहक निघून जातो. फोटोची रुंदी १,२०० पिक्सेलपर्यंत कमी करून प्रत्येक फोटो सुमारे २०० केबीच्या आत आणावा. त्यासाठी मोफत साधने उपलब्ध आहेत. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि सरकती चित्रे काढून टाकावीत.

पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या गुगलच्या मोफत साधनात संकेतस्थळाचा पत्ता टाकला की वेग आणि त्रुटी कळतात. शिवाय घरच्या वायफायवर न तपासता साध्या मोबाईलवर, मोबाईल डेटा वापरून पान उघडून पाहावे.

हंगाम संपला तरी पान बंद करू नये

बरेच जण दर वर्षी नव्या पत्त्याने नवे पान करतात, किंवा जूनमध्ये विक्रीचे पान काढून टाकतात. दोन्ही गोष्टी टाळाव्यात. एकाच पत्त्यावर वर्षानुवर्षे असलेले पान गुगलला परिचयाचे होते आणि जुन्या ग्राहकाने जपून ठेवलेला दुवाही चालू राहतो. त्याच पानावर दर वर्षी तारीख आणि दर बदलावेत. हंगाम संपल्यावर तिथे लिहावे: ‘यंदाची विक्री संपली. पुढील हंगामाची सूचना हवी असल्यास नाव आणि व्हॉट्सअॅप क्रमांक नोंदवा.’

संकेतस्थळाआधी नकाशा आणि व्हॉट्सअॅप

ज्यांच्याकडे अजून संकेतस्थळ नाही त्यांनी त्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही. १००-२०० पेट्या विकणाऱ्या बागायतदारासाठी दोन मोफत साधने पुरेशी आहेत.

*गुगल बिझनेस प्रोफाइल:* यात नाव, ठिकाण, फोन, वेळ आणि फोटो देता येतात आणि गुगल नकाशावर आपण दिसतो. नाव, पत्ता आणि क्रमांक खोक्यावर, नकाशावर आणि संकेतस्थळावर अगदी सारखा असावा. समाधानी ग्राहकाला दुवा पाठवून अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी. मात्र अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देऊ नये. ते गुगलच्या नियमांत बसत नाही. वाईट अभिप्राय आल्यास वाद न घालता काय भरपाई केली ते दोन वाक्यांत लिहावे. पुढचा ग्राहक तक्रार जितकी वाचतो तितकेच आपले उत्तरही वाचतो.

*व्हॉट्सअॅप बिझनेस:* यात वस्तूंची यादी दरांसह ठेवता येते. ठरावीक प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवता येतात. ‘नवीन’, ‘पैसे आले’, ‘पाठवले’, ‘जुना ग्राहक’ अशी लेबले लावता येतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना एकाच वेळी संदेश पाठवता येतो. परंतु ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो पोहोचतो. म्हणून प्रत्येक पेटीत एक छोटी चिठ्ठी टाकावी: फळे कशी ठेवावीत, तक्रार असल्यास काय करावे आणि ‘पुढील हंगामासाठी हा क्रमांक जतन करा.’ या चिठ्ठीचा खर्च किरकोळ आहे आणि जुना ग्राहक परत आणण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. ज्यांची संमती आहे त्यांनाच संदेश पाठवावेत आणि ग्राहकांचे क्रमांक दुसऱ्या कोणाला देऊ नयेत.

मोहोराबरोबर चालणारे वेळापत्रक

पिकाची कामे जशी वेळेवर करावी लागतात तशीच ही कामेही. एप्रिलमध्ये संकेतस्थळ दुरुस्त करायला घेणे म्हणजे तोडणीच्या वेळी खत घालण्यासारखे आहे.

- जून ते सप्टेंबर: हंगामाचा हिशेब, तक्रारींची वर्गवारी, ग्राहकांची यादी नीट करणे. प्रश्नोत्तरांचा मजकूर लिहिणे.
- ऑक्टोबर ते डिसेंबर: पालवी व मोहोराचे फोटो. पानाचा वेग, पत्ता, फोन तपासणे. संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण.
- जानेवारी ते फेब्रुवारी: फळधारणा पाहून उत्पादनाचा अंदाज. जुन्या ग्राहकांना पहिला संदेश, मागणीची पूर्वनोंद.
- मार्च ते मे: उपलब्ध माल व दर नियमित बदलणे. माल संपत आला की जाहिरात त्याच दिवशी थांबवणे.

पूर्वनोंद घेताना हात राखून घ्यावी. अवेळी पाऊस, अचानक वाढलेले तापमान, तुडतुडे आणि फुलकिडे यांमुळे फेब्रुवारीतील अंदाज मार्चअखेर बदलतो. अंदाजित उत्पादनाच्या निम्म्याहून अधिक मालाची आगाऊ रक्कम घेऊ नये. माल कमी पडला म्हणून बाहेरून आंबा आणून आपल्या खोक्यात भरणे तर कधीच करू नये. एका पेटीसाठी नावावरचा भरवसा जातो आणि तो परत मिळत नाही.

जाहिरात द्यायचीच असेल तर

पान तयार, भरपाईचा नियम ठरलेला आणि माल हातात असेल तरच जाहिरात द्यावी. पाठवणी पुण्यातच करत असाल तर जाहिरातही पुण्यापुरतीच ठेवावी. सुरुवात थोड्या रकमेने करावी आणि प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आमची माहिती कुठून मिळाली?’ हे विचारून नोंदवावे. आठवड्याने जाहिरातीचा खर्च भागिले मिळालेल्या पेट्या, हा भागाकार करावा. तो आपल्या पेटीमागील जादा नफ्याच्या जवळ गेला की थांबावे. किती लोकांनी जाहिरात पाहिली, किती जणांनी पसंती दिली, या आकड्यांवर निर्णय घेऊ नये.

‘गुगल सर्च कन्सोल’ हे मोफत साधन संकेतस्थळाला जोडून घ्यावे. लोक कोणते शब्द शोधून आपल्या पानावर येतात ते त्यात दिसते. ज्या शब्दांवर पान दिसते पण कोणी उघडत नाही, त्या शब्दांचे उत्तर पानाच्या मथळ्यात आहे का ते तपासावे.

मालकी आणि सुरक्षितता

संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावरच संकेतस्थळाचे नाव नोंदलेले असणे, हा धोका फार ठिकाणी आढळतो. तो संपर्काबाहेर गेला की वर्षानुवर्षे खोक्यांवर छापलेला पत्ता हातचा जातो. म्हणून संकेतस्थळाचे नाव, होस्टिंग, नकाशावरील प्रोफाइल आणि जाहिरातीचे खाते आपल्या किंवा कंपनीच्या ईमेलवर असावे. बनवणाऱ्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. उत्पादक कंपनीत संचालक बदलले की याची नोंद हस्तांतर वहीत व्हावी.

मोठी मागणी देतो असे सांगून क्यूआर कोड पाठवणाऱ्यांपासून सावध राहावे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जातात. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम जमा झाल्याची खात्री बँकेच्या अॅपमध्ये करावी, ग्राहकाने पाठवलेल्या चित्रावर विसंबू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक मिनिटाची चाचणी

गटाच्या बैठकीत ही चाचणी जरूर घ्यावी. ज्याने ते संकेतस्थळ आधी पाहिलेले नाही अशा व्यक्तीच्या हातात मोबाईल द्यावा आणि एका मिनिटात पाच उत्तरे शोधायला सांगावीत:

१. पेटीत किती आणि केवढी फळे आहेत?
२. घरपोच एकूण किती रुपये पडतील?
३. आंबा कोणत्या तालुक्यातील, कोणाच्या बागेतील आहे?
४. माझ्या शहरात कोणत्या तारखेनंतर मिळेल?
५. फळ खराब निघाले तर काय?

जे उत्तर सापडले नाही ती पहिली सुधारणा. त्यासाठी बहुधा नवे संकेतस्थळ लागत नाही. दोन वाक्ये आणि एक फोटो पुरतो.

कोल्हापुरी गूळ, सांगलीची हळद, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ अशा टिकाऊ मालाला हीच पद्धत वर्षभर वापरता येते. तिथे तोडणीच्या तारखेऐवजी उत्पादनाचे वर्ष, साठवण आणि वजन यांची उत्तरे द्यावी लागतील.

येत्या पावसाळ्यात एवढे तरी करावे: मागील हंगामातील ग्राहकांची यादी एका वहीत उतरवावी आणि त्यातील किती जण दुसऱ्यांदा आले ते मोजावे. तो आकडा पुढील हंगामात वाढला, तर संकेतस्थळावरील खर्च योग्य ठिकाणी झाला असे समजावे.